मावशींचा गंधार आणि ४४० हर्ट्झ: घरच्या रेकॉर्डिंगमधल्या स्वरदुरुस्तीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गायिका साठीच्या उंबरठ्यावरच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. नाशिकच्या पंचवटीतल्या एका महिला भजनी मंडळात बरीच वर्षं गातात. तरुणपणी शास्त्रीय गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, तेव्हाचा रियाज अजून गळ्यात आहे. इथे त्यांना मावशी म्हणू, कारण रेकॉर्डिंग करणारा मुलगा त्यांचा सख्खा भाचा. तो अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. इंदिरानगरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत त्याने हळूहळू सामान जमवलंय: दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद कपांचे हेडफोन आणि कॉम्प्युटरवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. भिंतींना गाद्या आणि आजीच्या गोधड्या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बेत साधा होता. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा भरते. मंडळातल्या बायका दिंडीत चालत जातात. त्याआधी मावशींच्या आवाजातले पाच पारंपरिक अभंग तयार व्हावेत आणि सगळ्यांच्या फोनवर पोहोचावेत, एवढंच. चाली मावशींच्याच, रागांवर बेतलेल्या: यमन, भीमपलास, भैरव, भैरवी आणि एक मिश्र.

मुंबई-आग्रा महामार्गाची घरघर कमी होते म्हणून रेकॉर्डिंग रात्री दहानंतर चालायचं. पट्टी काळी तीन, म्हणजे पेटीची तिसरी काळी पट्टी हा षड्ज. तंबोरा फोनवरच्या अॅपमधून घेतला आणि मावशींनी आग्रहाने तो आपल्या जुन्या पेटीशी मिळवून घेतला. भाच्याने अॅपमधली बारीक सरकपट्टी हलवून तो जुळवलाही, पण किती हलवली ते कुठेच लिहून ठेवलं नाही. पुढच्या बहुतेक घोळाचं मूळ या न लिहिलेल्या आकड्यात आहे.

तीन अभंग नुसत्या तंबोऱ्यावर झाले. भैरव आणि मिश्र या दोन अभंगांत लय सांभाळायला सोपं जावं म्हणून भाच्याने कीबोर्डवर चालीचा सांगाडा वाजवून तो हेडफोनमध्ये सोडला. त्या रात्री मावशी म्हणाल्या, "कानात काहीतरी घासतंय रे." त्यांना सांगितलं गेलं की हेडफोनची सवय नाही म्हणून तसं वाटतंय.

अडचण

मिक्सिंगला बसल्यावर भाच्याने आवाजाच्या ट्रॅकवर स्वरदुरुस्तीचं एक मोफत प्लगइन लावलं, म्हणजे गायलेला स्वर जवळच्या ठरलेल्या स्वरावर ओढणारं जोड-सॉफ्टवेअर. पडद्यावर जवळजवळ प्रत्येक स्वर वीसेक सेंटनी चढा दिसत होता. (एका अर्ध्या स्वरात १०० सेंट असतात, सप्तकात १२००. वीस सेंट म्हणजे सामान्य कानाला "काहीतरी खटकतंय" आणि तयार कानाला स्पष्ट कणसूर.) त्याने निष्कर्ष काढला की मावशी चढं गातात. वय झालं, रात्रीची वेळ, हेडफोन, कारणं हाताशी होतीच. त्याने स्केल 'क्रोमॅटिक' ठेवलं, म्हणजे बाराही स्वर मोकळे. दुरुस्तीचा वेग सर्वांत जलद केला आणि पाचही अभंगांवर तीच सेटिंग लावून टाकली. मावशींना यातलं काहीच सांगितलं नाही. मग व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली.

मावशींचा फोन आला. "अरे, मी इतकी पडलेय का रे? तंबोरा वर आहे आणि मी खाली." आणि भीमपलासच्या अभंगाबद्दल: "गंधारावर मी मध्यमावरून घसरत येते. इथे कुणीतरी जिना उतरतंय."

भाच्याला पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. प्रत्येक स्वर रेषेवर होता. तेव्हा त्याने ती प्रोजेक्ट फाइल माझ्याकडे आणली.

तपासणीत काय दिसलं

मावशी चढं गात नव्हत्या, पेटी चढी होती. प्लगइनने पियानोवरच्या मधल्या 'सी'च्या वरचा 'ए' स्वर ४४० हर्ट्झ धरला होता. ते आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आणि त्यानुसार काळी तीनचा खालचा षड्ज १८५ हर्ट्झवर येतो. जुन्या पेट्या मात्र या प्रमाणाला मिळवलेल्या असतीलच असं नाही. मावशींची पेटी सुमारे वीस सेंट वर, म्हणजे 'ए' साधारण ४४५ ला. तंबोरा तिच्याशी मिळवलेला, आणि मावशी तंबोऱ्याशी मिळून गायलेल्या. त्यांचा षड्ज १८७ हर्ट्झच्या आसपास लागत होता, आणि तो बरोबर होता. प्लगइनने तो १८५ वर ओढला. तंबोरा मात्र होता तिथेच राहिला. १८७ आणि १८५ एकत्र वाजले की आवाज लहानमोठा होत राहतो, सेकंदाला असे दोन हेलकावे ऐकू येतात. मिक्समध्ये तंबोरा हळू ठेवल्यामुळे भाच्याला ते जाणवले नव्हते. मावशी आयुष्यभर तंबोरा आधी आणि स्वतःला नंतर ऐकत आलेल्या, त्यांना पहिल्या ओळीतच कळलं.

दुसरी गोष्ट मींडीची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याची. भीमपलासमध्ये कोमल गंधारावर मध्यमाचा स्पर्श घेऊन उतरतात. मध्यम आणि कोमल गंधार यांच्या मधोमध शुद्ध गंधार बसतो, जो या रागात लागतच नाही. आवाज त्या जागेवरून सलग वाहून जातो तेव्हा कानाला तिथे कुठलाच स्वर ऐकू येत नाही. पण बाराही स्वर मोकळे असलेलं आणि क्षणार्धात जवळच्या रेषेवर ओढणारं यंत्र तिथे थांबतं, आणि भीमपलासात शुद्ध गंधार वाजतो. मावशींचा जिना तो हाच. भैरवात याहून वाईट घडलं होतं. कोमल रिषभाचं आंदोलन, म्हणजे त्याला दिलेला सावकाश झोका, वर झुकलं की यंत्र शुद्ध रिषभ पकडत होतं. भैरवात शुद्ध रिषभ लागतच नाही; तो तिथे ऐकणं काय असतं ते गाणाऱ्याला सांगायला नको.

तिसरी गोष्ट तुलनेने किरकोळ. हेडफोनमधला तंबोरा मोठा होता आणि तो झिरपून माइकमध्ये आला होता. अशी प्लगइन्स एका वेळी एकच स्वर आहे असं गृहीत धरून चालतात. मावशी हळू गायल्या तिथे यंत्राला आवाज कोणता आणि तंबोरा कोणता हे कळेना, म्हणून ओळींच्या शेवटी आवाज थरथरत होता. शिवाय प्लगइन रिव्हर्बच्या, म्हणजे आवाजाला घुमारा देणाऱ्या परिणामाच्या, नंतर लावलेलं होतं. ते आधी लावायचं असतं: दुरुस्ती, मग कॉम्प्रेसर (आवाजाचा लहानमोठेपणा आवरणारा), मग रिव्हर्ब. हे दोन मिनिटांत सुटलं.

आणि खऱ्या चुकाही होत्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही. यमनच्या तिसऱ्या चरणात तार षड्ज दर वेळी तीस-पस्तीस सेंट उतरत होता, आणि लांब ओळीनंतर श्वास संपताना पंचम ढिला पडत होता. कीबोर्डवाल्या दोन अभंगांत तर मावशी चरणागणिक हलत होत्या. कीबोर्ड ४४० वर, तंबोरा ४४५ वर, आणि दोन्ही एकाच वेळी कानात. "घासतंय" ते हेच होतं.

गंधार कुणाचा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण नुसता ४४० चा ४४५ करून प्रश्न मिटत नव्हता.

कीबोर्डचे बारा स्वर समसमान अंतरावर असतात. त्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात असतो, म्हणजे ३८६ सेंटवर. फरक चौदा सेंटचा. मावशींच्या पट्टीत मांडून पाहू. षड्ज १८७, त्याचा पाचवा स्वरांश (त्याच्याच आत उमटणारा, पाचपट कंपनांचा सूक्ष्म स्वर) ९३५ हर्ट्झ. कीबोर्डचा गंधार सुमारे २३५.६, त्याचा चौथा स्वरांश ९४२. यमनमध्ये गंधारावर न्यास करून मावशी थांबल्या की त्यांचा स्वर आणि तंबोरा यांच्यात सेकंदाला सात हेलकावे पडणार. ५:४ च्या गंधारावर ते पडत नाहीत. याला "सूर लागला" म्हणतात.

वाद जुना आहे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. पेटीवर मींड निघत नाही आणि तिच्या पट्ट्या समसमान, हे तेव्हाचे मोठे आक्षेप होते. स्वरदुरुस्तीचं सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर चालवलं तर ते गळ्याची पेटी करून देतं. हा दोष काही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या दुष्टाव्याचा नाही. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींवरून तेलाचे साठे शोधण्याच्या गणितावर काम करत होते. समोर पियानोची पट्टी धरून बनवलेलं ते हत्यार आहे, आणि तिथे ते चोख चालतं.

मग ३८६ चं खास स्केल बनवून सगळे गंधार तिथे बसवावेत का? भाच्याला हा उपाय फार आवडला होता. फाइल नीट पाहिली तेव्हा दिसलं की मावशींचे स्वतःचे गंधार एका जागी नाहीतच. न्यासाचे गंधार ३८६ ते ३९४ च्या दरम्यान, आणि निषादावरून वर चढत जातानाचे आणखी थोडे वर. गाणारा माणूस असंच गातो. ३८६ ची जाळी लावली असती तर ४०० च्या पिंजऱ्यातून काढून दुसऱ्या पिंजऱ्यात घातल्यासारखं झालं असतं.

समोरचे पर्याय

सगळं पुन्हा गाणं हा सर्वांत सरळ मार्ग. पण नाशिकची थंडी, मावशींचा बसलेला घसा आणि एकादशीची तारीख, तिन्ही आड येत होते. शिवाय भैरवीच्या अभंगातलं त्या रात्रीचं धृपद पुन्हा तसं येईल याची खात्री मावशींनाच नव्हती.

काहीच न करता कच्चा आवाज तसाच ठेवणं हा दुसरा. तंबोरा मोठा करून ऐकलं तर पाचपैकी तीन अभंग बहुतांशी सुरेल होतेच. मला हा मार्ग गंभीरपणे विचारात घ्यावासा वाटला. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये निम्म्या दुरुस्त्या "हत्यार आहे म्हणून" केल्या जातात.

तिसरा, आपोआप दुरुस्तीच पण नीट लावलेली: मूळ स्वर ४४५, स्केलमध्ये फक्त रागाचे स्वर, वेग मंद. वेग मंद ठेवला की झरझर जाणाऱ्या जागा यंत्राच्या हातून निसटतात आणि ठेवलेले स्वर तेवढे ओढले जातात. पण भैरवासाठी हे निरुपयोगी. आंदोलन हळूच असतं, ते मंद वेगातही सापडतं.

चौथा, मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक स्वर हाताने हलवणं. तिथे स्वराचं केंद्र, आतली लहर आणि सावकाश होणारी घसरण या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येतात. वेळखाऊ काम. आणि मोह मोठा, कारण प्रत्येक स्वर डोळ्यांसमोर वेडावाकडा दिसत राहतो.

पाचवा, वेगवेगळ्या टेकमधून, म्हणजे एकच अभंग पुन्हा पुन्हा गाऊन केलेल्या रेकॉर्डिंगमधून, चांगल्या ओळी निवडून जोडणं. हे भाच्याने सुरुवातीला केलंच नव्हतं. प्रत्येक अभंगाचा शेवटचा टेक घेऊन त्यावर प्लगइन लावलं होतं.

भाच्याची एक तात्त्विक अडचणही होती: अभंगावर असली हत्यारं चालवणं ही फसवणूक नाही का? चार टेकमधून ओळी जोडणं कुणाला खटकत नाही आणि एक स्वर वीस सेंट हलवला की फसवणूक, हा हिशोब मला कधी उमगलेला नाही. माझ्या मते खटकण्यासारखी गोष्ट एकच होती, मावशींना न विचारता केलं ही.

काय केलं

आधी प्लगइन काढून टाकलं. मग मावशींना बोलावून खोलीत बसवलं आणि पडदा त्यांच्याकडे पाठ करून ठेवला. हा निर्णय माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. तंबोरा आणि आवाज एवढंच चालू, बाकी ट्रॅक बंद. मावशींच्या हातात अभंगांचे कागद आणि पेन्सिल. जिथे खटकेल तिथे खूण, आणि उतरलेलं असेल तर खाली बाण, चढं असेल तर वर. भाच्याने वेगळा कागद घेतला.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर मजा आली. भाच्याच्या खुणा मावशींच्या कितीतरी पट. त्याने मींडींवर खुणा केल्या होत्या, मावशींनी एकाही मींडीवर केली नव्हती. उलट पंचमाच्या ज्या ढिल्या जागा त्याच्या लक्षातही आल्या नव्हत्या, त्या सगळ्या मावशींनी पकडल्या होत्या. ठरलं असं की मावशींच्या कागदावर आहे तेवढंच हलवायचं.

त्यातल्या बऱ्याच जागा दुसऱ्या टेकमधली ओळ घेऊन सुटल्या. उरल्या त्या मेलोडाइनमध्ये. काम करताना काही गोष्टी ठरवून पाळल्या. मींड आणि ठेवलेला स्वर यांच्यामध्ये कापायचं आणि फक्त ठेवलेला भाग हलवायचा. केंद्र हलवायचं, आतली लहर सपाट करायची नाही. 'स', 'श' सारख्या व्यंजनांना हात लावायचा नाही, कारण त्यांना स्वर नसतो आणि ती ओढली की जीभ अडखळल्यासारखी वाटते. आणि कुठलाच स्वर पडद्यावरच्या रेषेवर नेऊन बसवायचा नाही, तंबोऱ्याबरोबर हेलकावा थांबेपर्यंत कानाने सरकवायचा. अपवाद एकच: यमनमधला तार षड्ज पस्तीस सेंट उतरलेला होता, तो पंचविसेक सेंट वर नेला आणि सोडला. पूर्ण वर नेला की त्यातला जोर आणि उंची यांचा मेळ बसेना. ताकद कमी पडलेला आवाज एकदम अचूक जागी लागला की कान संशय घेतो.

पेटीचा प्रश्न नंतर आला. मंडळातल्या पेटीवादक बाईंनी वरून साथ वाजवली, मावशींच्याच पेटीवर, त्यामुळे पट्टी जुळली. पण पेटीचा गंधार ४०० वरच. यमनमध्ये मावशींचा आवाज पेटीकडे झुकवायचा की तंबोऱ्याकडे? भाचा म्हणाला पेटीकडे, कारण ऐकणाऱ्याला पेटी जास्त ऐकू येते. मावशी म्हणाल्या, "पेटीला सांग तिथे गप्प राहायला." तसंच केलं. गंधारावरच्या न्यासांना पेटीने षड्ज-पंचम धरला. आवाजाला काहीच करावं लागलं नाही.

कोरस

मंडळातल्या तिघींनी धृपदाला साथ दिली होती. भाच्याने पहिल्या फेरीत त्या तिन्ही आवाजांवरही तीच जलद दुरुस्ती लावली होती, आणि कोरस कीबोर्डमधल्या 'व्हॉइस' बटणासारखा वाजत होता. कारण साधं आहे. समूहगायनातला भरदारपणा येतो तो आवाजांच्या किंचित वेगळ्या उंचीमुळे आणि किंचित पुढेमागे पडणाऱ्या उच्चारामुळे. तिघींना एकाच रेषेवर आणलं की तीन आवाज मिळून एक पातळ आवाज होतो. कोरसची दुरुस्ती सरसकट काढली. एक आवाज सातत्याने खाली होता, त्याला उचलण्याऐवजी मिक्समध्ये थोडा मागे आणि एका बाजूला ठेवला. दिंडीत चालणाऱ्या बायका गातायत असं वाटलं पाहिजे, आणि दिंडीत सगळे एका रेषेवर नसतात.

निष्पत्ती

यमन, भीमपलास आणि भैरवी हे तीन अभंग एकादशीच्या आधी मंडळात पोहोचले. ऐकणाऱ्यांपैकी सुराबद्दल कुणी चांगलं-वाईट काहीच बोललं नाही. तंबोरा फार मोठा आहे अशी तक्रार मात्र दोघींनी केली. तो कमी करायला मावशींनी नकार दिला.

भैरव दुरुस्त करायचा प्रयत्न सोडून दिला. दोन वेगवेगळ्या आधारांमध्ये हेलपाटलेला आवाज कुठे नेऊन बसवायचा हे ठरवायला मूळ जागाच उरली नव्हती. माघात घसा सुटल्यावर मावशींनी तो पुन्हा गायला, पहाटे. भैरव रात्री दहाला गाणं त्यांना पहिल्यापासून पटलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. कीबोर्ड नाही, तंबोरा हळू, हेडफोनचा एक कप कानामागे आणि त्याचा आवाज माइकमध्ये झिरपू नये म्हणून त्या बाजूची वाहिनी बंद. रिषभाला कुठेही हात लावलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

रेकॉर्डिंगच्या पहिल्या मिनिटात पेटीचा षड्ज दहा सेकंद धरून रेकॉर्ड केला असता आणि ट्यूनर अॅपवर त्याचा आकडा बघून फाइलच्या नावातच लिहिला असता, तर निम्मं प्रकरण घडलंच नसतं. भाचा आता तसं करतो.

"कानात घासतंय" या वाक्याला उत्तर देण्याआधी एक-एक ट्रॅक बंद करून ऐकायला हवं होतं. गाणाऱ्याची तक्रार तांत्रिक भाषेत येत नाही, म्हणून ती तांत्रिक नसते असं नाही. दुसऱ्या बाजूने, मावशींनीही पट्टी आणि वेळेबद्दलचे आपले आग्रह आधी मोकळेपणाने सांगितले असते तर बरं झालं असतं. "तुझं मशीन, तुला कळतं" म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

कच्चा आवाज वेगळ्या ट्रॅकवर सुरक्षित होता. भाच्याने हे एक काम सुरुवातीपासून नीट केलं होतं, आणि त्यामुळेच मागे फिरता आलं. प्लगइनचा परिणाम ट्रॅकमध्ये कायमचा उतरवून मूळ फाइल पुसली असती तर भैरवीचं ते धृपद गेलंच असतं.

मंद वेगाची आपोआप दुरुस्ती मी पूर्ण बाद करत नाही. भावगीताची चाल, कीबोर्ड आणि गिटारची साथ, तंबोरा नाही, अशा गाण्यात ४०० चा गंधारच योग्य असतो, कारण साथीची वाद्यं त्याच पट्टीत आहेत. तिथे हाताने स्वर हलवत बसण्यात रात्री घालवायचं कारण नाही.

मिश्र रागातला पाचवा अभंग अजून अडकलाय. मावशींनी तो पुन्हा गायलाय, नुसत्या तंबोऱ्यावर. शेवटच्या चरणातला तार षड्ज किंचित उतरलेला आहे. भाच्याला तो आता तसाच आवडतो. मावशी म्हणतात, "उचल तो थोडा, तुझ्या त्या मशीनने."